वाचक विचारतात : लेदर बॅगांसाठी मशीन घ्यायचीय, कुठली घेऊ?

मागच्या वेळी कापडी पिशव्यांच्या शिलाईवर लिहिलं होतं, आणि त्यावर आलेल्या पत्रांत, व्हॉट्सॅपवरच्या मेसेजांत कापड राहिलं बाजूला, सगळे लेदरवरच घसरले. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळ्यांना लेदर बॅगा करायच्यात असं दिसतंय. मग म्हटलं एक अख्खा भाग त्यालाच देऊन टाकू. नावं नेहमीसारखी छापत नाही, गाव तेवढं देतो.

डिचोलीहून एक ताई विचारतात : नमस्कार काका. मी घरी कॅनव्हासच्या आणि खणाच्या बॅगा शिवते, माझ्याकडे जुकी कंपनीची ८७०० मशीन आहे. गिऱ्हाईकं आता लेदरचं हँडल आणि लेदरचा तळ मागायला लागलीत, पुढे पूर्ण लेदरच्या बॅगा करायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो हीच मशीन चालेल, फक्त जाड सुई घाला आणि मोठी मोटर बसवा. मिस्टर म्हणतात नवीन घेऊ. कोणाचं ऐकू?

मिस्टरांचं ऐका ताई, असा योग रोज येत नाही. दुकानदार अगदी खोटं बोलतोय असं नाही हां, ८७०० मध्ये १८ नंबरची सुई घालून एक-एक मिलिमीटर (आपण मिलीच म्हणू) जाडीचे दोन मऊ लेदर ठेवले तर शिवून होतात, तुम्ही करून बघितलंच असेल. घोळ त्याच्या पुढे आहे.

८७०० मध्ये माल सरकवतं कोण, तर फक्त खालचे दात. वरचा फूट नुसता दाबून बसलेला असतो. कापड त्याच्याखालून घसरत जातं म्हणून चालतं. लेदर घसरत नाही, रेक्झिन तर फुटाला चिकटूनच बसतं, मग होतं काय की खालचा थर पुढे जातो आणि वरचा मागे रेंगाळतो, हातभर शिलाई झाली की दोन तुकड्यांची टोकं जुळत नाहीत, टाका कुठे तीन मिलीचा तर कुठे दीडचा. मग आपण मागून हाताने ओढतो, सुई वाकते, प्लेटवर आपटते आणि तुटते. यात मोटरचा काही संबंधच नाही! ८७०० ही मिनिटाला साडेपाच हजार टाक्यांपर्यंत पळायला केलेली मशीन आहे, शर्ट-कुर्त्यांच्या फॅक्टरीसाठी, तिला मोठी मोटर लावली तर ती हेच चुकीचं काम आणखी जोरात करेल एवढंच.

लेदरला पाहिजे कंपाउंड फीड. कोणी ट्रिपल फीड म्हणतं, जुकीच्या कागदावर युनिसन फीड लिहिलेलं असतं, सगळं एकच. यात खालचे दात, सुई आणि सुईच्या भोवतीचा आतला फूट हे तिघंही एकाच वेळी सरकतात, म्हणजे सुई लेदरमध्ये रुतलेली असतानाच लेदर घेऊन जाते, थरांना एकमेकांवरून घसरायला वावच राहत नाही. सुई वर आली की बाहेरचा फूट माल दाबून धरतो आणि आतला उचलून परत जागेवर येतो, पाऊल टाकल्यासारखा, म्हणून त्याला वॉकिंग फूट म्हणतात.

पण इथेच लोक फसतात. वॉकिंग फूट म्हणून जे विकलं जातं ते सगळं कंपाउंड नसतं. काही मशीनांत वरचा फूट चालतो, खालचे दात चालतात, पण सुई आपली जागच्या जागी वरखाली. ती मशीन वाईट नाही, कॅनव्हास, रेक्झिन, गाडीचे सीटकव्हर याला मस्तच, पण चार-पाच थर लेदरचे आले की सुईची साथ लागते. आणि चायनीज मॉडेलांच्या नंबरांत एखाद्या आकड्याचा नाहीतर शेवटच्या अक्षराचा फरक असतो, काउंटरवरच्या पोराला तो माहीत असेलच असं नाही. म्हणून नंबर वाचत बसू नका, स्वतः बघा. मशीन बंद ठेवायची, सुईखाली लेदरचा तुकडा, फूट खाली, टाक्याची लांबी सगळ्यात मोठी करायची आणि हाताने चाक अगदी सावकाश आपल्याकडे फिरवायचं. सुई लेदरमध्ये घुसलेली असताना लेदरबरोबर मागे सरकली तर कंपाउंड. सुई पूर्ण वर आल्यावरच लेदर हललं तर नाही. हे बघायला दुकानदाराने नकार दिला तर त्या दुकानातून चहा पिऊन निघायचं.

आता जाडी. सगळे विचारतात 'किती मिली शिवते', आणि दुकानदार सांगतो दहा मिली आरामात. आपल्याला आपल्या बॅगेचं माहीत पाहिजे ना आधी. बॅगेचं लेदर साधारण १.२ ते १.६ मिलीचं असतं, १.४ धरू. बाजूच्या शिलाईत पुढचा भाग १.४, बाजूची पट्टी १.४, मध्ये पाइपिंग असेल तर ०.८ चं दुमडलेलं म्हणजे १.६, आत अस्तर दोन थर धरून अर्धा-पाऊण मिली. झाले पाच मिली. हँडलच्या बुडाशी बॅगेचा भाग, आतून लावलेला आधाराचा तुकडा आणि दुमडलेलं हँडल, तिथे साडेपाच-सहा. आणि कडा दुमडून घेतल्या असतील तर कोपऱ्यात अजून वाढतं. म्हणजे बायकांची पर्स, टोट, लॅपटॉप बॅग हे सगळं जुकीच्या १५४१ च्या वर्गातली मशीन सहज ओढते. ती फ्लॅटबेड म्हणजे सपाट टेबलाची आहे, कंपाउंड आहे, टाका ९ मिलीपर्यंत जातो आणि गुडघ्याच्या लिव्हरने फूट १६ मिलीपर्यंत उचलला जातो, हे उचलणं फार महत्त्वाचं कारण जाड हँडल फुटाखाली घुसलंच नाही तर ताकद काय चाटायचीय. त्यातच १५४१एस म्हणून मिळते, तिच्यात सेफ्टी क्लच असतो, खाली दोरा अडकला तर हुक, म्हणजे खालून दोरा पकडून टाका गुंफणारा भाग, सुटतो आणि मोडत नाही. शिकणाऱ्या हाताला तो असलेला बरा.

याच्या वरची एक जात असते, ४४१ वर्गाची, दोन सेंटिमीटरच्या आसपास जाडी शिवणारी, खोगीर आणि जाड पट्ट्यांसाठी. ती कोणी गळ्यात मारायला बघितली तर घेऊ नका. जाड दोऱ्याला आणि जाड मालाला केलेली मशीन पातळ अस्तर आणि चेन शिवताना लेदर खाली ओढते, टाका ओबडधोबड दिसतो. 'मोठी घेऊन ठेवू, सगळं होईल' हा हिशोब शिलाई मशीनला लागू पडत नाही.

जुकीच पाहिजे का? नाही. त्याच धर्तीच्या चायनीज मशीनी कितीतरी स्वस्त मिळतात आणि त्यावर पोट भरणारे भरपूर आहेत. जुकीत घडण चांगली आणि वर्षानुवर्षं टायमिंग, म्हणजे सुई आणि हुक यांची जुळलेली वेळ, हलत नाही हे खरं. मी मात्र आधी मेकॅनिक गाठतो. म्हापशात, फोंड्यात जो कोणी इंडस्ट्रियल मशीन दुरुस्त करतो त्याला फोन करून विचारा, बाबा तू कंपाउंडचं टायमिंग लावतोस का, कुठल्या मशीनचं हुक आणि बॉबिन केस तुझ्याकडे असतं? तो ज्या मशीनचं नाव घेईल ती तुमची मशीन. नाहीतर मुंबईहून दहा हजार कमी देऊन आणाल आणि चतुर्थीच्या तोंडावर ऑर्डर अंगावर असताना मशीन बंद, पार्ट चोर्ला घाटाच्या पलीकडे.

आणि बघायला जाताना स्वतःचं लेदर घेऊन जा, तुमच्या बॅगेतला सगळ्यात जाड जोड चिकटवून, जसा आहे तसा. दुकानात जो तुकडा देतात तो मशीनला आवडणारा तुकडा असतो. तुमच्या जाड जोडावर हळू शिववा, मग तोच पातळ भागावर नेऊन बघा, मग उलटा टाका घ्या आणि उलटे टाके आधीच्याच भोकांत पडतायत का ते बघा.

८७०० विकू नका हां. अस्तर, आतले खिसे, कापडी काम तिच्यावरच भराभर होईल.

मडगावहून : क्लच मोटर स्वस्त पडते, सर्वो महाग. खरंच फरक पडतो का, की विकणाऱ्यांची हवा?

पडतो, आणि लेदरला जरा जास्तच. क्लच मोटर बटण दाबलं की फिरतच राहते, तुम्ही शिवा नाहीतर गप्पा मारा, घुंऽऽ चालूच, आणि पायाने क्लच अर्धा धरून वेग सांभाळायचा. फॅक्टरीत वर्षं काढलेल्या माणसाला जमतं ते. नवीन माणसाचं लेदर एका झटक्यात बोटभर पुढे जातं, आणि कापडात टाका उसवून परत मारता येतो तसं लेदरमध्ये नाही, पडलेलं भोक राहतंच. सर्वो पाय दाबला तरच फिरते, वेगाची वरची मर्यादा बटणाने कमी करून ठेवता येते, आणि सुई खाली थांबवायची सोय असलेली घेतली तर कोपऱ्यावर सुई आत ठेवून बॅग वळवायला किती बरं पडतं ते एकदा करून बघा. १५४१ मिनिटाला अडीच हजार टाके मारू शकते, पण बॅगेच्या कामात एवढ्या वेगाची गरजच पडत नाही.

सर्वोची एक खोड आहे, अगदी हळू चालवताना जाड थरावर अडते. त्यावर उपाय वॅट वाढवणं नाही, ५५० ची चालते. मोटरवरची पुली लहान बसवायची, वेग कमी होतो आणि जोर वाढतो. पट्टा बदलावा लागेल, खर्च किरकोळ. तेवढ्याने भागलं नाही तर मध्ये स्पीड रिड्यूसर बसवतात, पण पर्सच्या कामाला सहसा लागत नाही.

सर्वोत सर्किट असतं म्हणून अर्थिंग नीट करून घ्या. पावसाच्या आधी आणि परतीच्या पावसात वीज कडाडते तेव्हा प्लग काढून ठेवायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

म्हापशाहून एक कॉलेजचा मुलगा : दादा, ऑनलाइन ती हाताने फिरवायची चांभाराची मशीन एकदम स्वस्तात दिसते, व्हिडिओत तर जाड लेदर लोण्यासारखं शिवते. सुरुवातीला तीच घेऊ का? मला वॉलेट आणि स्लिंग बॅग करून हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात ठेवायच्यात.

नको घेऊस. ती दुरुस्तीची मशीन आहे, पॅचर म्हणतात तिला, सिंगरची २९के ही तिची जुनी आजी. तिचा फूट गोल गोल कुठल्याही दिशेला फिरतो, हात सडपातळ असतो, त्यामुळे बुटाच्या आत, बॅगेच्या फाटलेल्या कोपऱ्यात जाऊन शिवते. तिचं काम ते. सरळ लांब शिलाई एकसारखी यायला तिच्यावर हात बसावा लागतो, बॉबिन बारकी, सारखी भरायची, आणि त्या स्वस्त चायनीज मशीनीत ओतकाम खडबडीत असतं, आधी कानस घेऊन बसावं लागतं.

तुला वॉलेटच करायचेत तर मशीनच नको अजून. आरी, दोन सुया, मेणाचा दोरा, भोकं पाडायचा काटा, लेदर कापा-छिलायची एक रापी आणि हाताने शिव. हातशिलाईत दोन सुया एकाच भोकातून जातात त्यामुळे एक टाका तुटला तरी बाकीची शिलाई धरून ठेवते, मशीनच्या शिलाईपेक्षा टिकाऊ, आणि हणजुण्याला येणारा टुरिस्ट त्याचे जास्त पैसे देतो. सीझनभर विकून बघ, मग मशीनचा विषय.

पेडण्याहून : कंपाउंड मशीन घेतली, पण टाके सुटतात. मेकॅनिक दोनदा येऊन टायमिंग लावून गेला. पातळ लेदरवर ठीक, जाडावर मध्येच दोन-तीन टाके गायब. खाली दोऱ्याचे गुंतेही होतात. काय करू?

मेकॅनिकला तिसऱ्यांदा बोलवायच्या आधी सुईचं पाकीट हातात घ्या आणि वाचा. कंपाउंडला १३५×१७ नाहीतर १३५×१६ ही सुई लागते, दांडा दोन मिली जाड. साध्या कापडाच्या मशीनची डीबी×१ तिच्यापेक्षा आखूड आणि बारीक दांड्याची. ती कशीबशी घट्ट करून बसवतात लोक, आणि सुई हुकपर्यंत पोचतच नाही तर टाका कसा धरणार. सुईची लांब खाच बहुतेक मशीनांत डावीकडे येते, म्हणजे जिथून दोरा ओवतो त्या बाजूला. जराशी तिरकी बसली तरी टाके सुटतात.

१७ आणि १६ मधला फरकही बघून घ्या. १७ चं टोक कापडाचं, गोलसर, धागे बाजूला सारून जातं. १६ चं टोक धारेचं, लेदर कापत जातं. पूर्ण लेदर असेल तर १६ घ्या, जाड थरात ती कमी अडते. बाहेर लेदर आणि आत कॅनव्हास असं मिश्र असेल तर मी १७ च लावतो, कारण धारेची सुई कॅनव्हासचे धागे कापत सुटते. १६ मध्येही टोकाचे प्रकार येतात, एलआर लिहिलेलं असेल तर टाका तिरपा पडतो, देखणा दिसतो. एस लिहिलेलं असेल तर सरळ रेघ. पर्सच्या वरच्या शिलाईला एलआर सुंदर.

मग दोरा. तुम्ही लिहिलंय की जाड दोरा घातला म्हणजे मजबूत होईल म्हणून २० तिकिटाचा घातलाय, आणि सुई १८ नंबरची! हेच कारण असणार बहुतेक. तिकीट नंबर जितका लहान तितका दोरा जाड. ४० तिकिटाला १८ नंबरची सुई, ३० ला १९ किंवा २०, २० तिकिटाला २२ नंबरची. दोरा सुईच्या भोकातून मोकळा सरकला पाहिजे, दोरा ओवून धरा आणि सुई त्याच्यावरून आपल्या वजनाने खाली घसरली तर जोडी जमली. पर्स आणि टोटला ४० किंवा ३० चा बाँडेड नायलॉन पुष्कळ होतो. उन्हात राहणाऱ्या वस्तू असतील, बाइकची बॅग वगैरे, तर बाँडेड पॉलिएस्टर घ्या, उन्हाला तो जास्त टिकतो. सुती दोरा आपल्या हवेत कुजतो, लेदरला लावूच नका.

एवढं करून जाडावर टाके सुटत असतील तर फुटाचा दाब वाढवा. सुई वर येताना लेदर तिच्याबरोबर वर उचललं जातं, मग खाली दोऱ्याचा फासा तयारच होत नाही आणि हुक रिकामं फिरतं. लेदर दाबून धरलं गेलं पाहिजे. दाब फार वाढवला तर फुटाचे वण उठतात, त्यासाठी गुळगुळीत फूट मिळतात ते घ्या, दात असलेले कापडाचे फूट काढून ठेवा. आणि खालचे गुंते बरेचदा खालच्या दोऱ्यामुळे नसतात, वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो म्हणून होतात. फूट वर करून परत ओवा. शिवायला सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं बोटाने धरून ठेवा पहिले तीन टाके.

चिकटवलेलं सोल्युशन पूर्ण वाळलंय ना तेही बघा, ओल्या सोल्युशनमधून सुई गेली की तिला चिकटा धरतो आणि टाके सुटायला तेवढं पुरतं.

टाका किती ठेवायचा ते तुम्ही विचारलं नाहीत पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत दोन मिलीचा दिसतोय. साडेतीन-चार करा. लेदरमध्ये भोकं फार जवळ पडली की ते पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेषेवरच फाटतं.

फोंड्याहून : बेंगळुरूकडच्या बंद पडलेल्या फॅक्टरीतली सेकंडहँड कंपाउंड मिळतेय, निम्म्या किमतीत. भाऊ, घ्यावी का?

बघून घेणार असाल तर जरूर. ओतीव लोखंडाची हेड, म्हणजे टेबलावरची मूळ मशीन, पिढ्या काढते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण पहिला प्रश्न मोटरचा : सिंगल फेज आहे का? फॅक्टरीतल्या बऱ्याच मोटरी थ्री फेजच्या असतात आणि आपल्या घरात येतं सिंगल फेज, म्हणजे तिथेच नवीन सर्वोचा खर्च धरा आणि तेवढी किंमत पाडून मागा.

मग हेड मागे पाडून खाली बघा. तेल काळं-चिकट झालेलं चालेल, गंज नको. सुईचा दांडा बोटात धरून पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे हलवा, कंपाउंडमध्ये तो पुढे-मागे थोडा हलणारच पण डावी-उजवी ढिलाई असेल तर झीज झालीय. हुकच्या टोकावरून नख फिरवा, ओरखडा लागला तर हुक बदलावं लागेल. चाक हाताने फिरवताना कुठे अडखळतंय का, आणि पुढचा टाका आणि उलटा टाका लांबीला सारखा पडतोय का. बाकी रंग उडालाय, टेबल फुगलंय, याला काही किंमत नाही.

न बघता, फोटोवरून, पैसे आधी पाठवून घेणार असाल तर नका घेऊ.

काणकोणहून : बाब, पावसात आमच्याकडे लेदरला बुरशी येते आणि मशीनवर गंज. समुद्र जवळ. काही उपाय?

हा प्रश्न सोलापूरकडच्या कोरड्या हवेतल्या माणसाला फारसा पडत नाही, आपल्याला मात्र जूनपासून सप्टेंबरपर्यंत हाच. लेदर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवणं बंद करा आधी. लोकांना वाटतं झाकलं म्हणजे वाचलं, उलट आतला दमटपणा आतच कोंडतो आणि बुरशी जोमाने वाढते. सुती कापडात सैल गुंडाळा, भिंतीपासून लांब, फळीवर, हवा खेळती राहील असं. बंद कपाट असेल तर आत लहान बल्ब लावून ठेवायची जुनी पद्धत अजून कामाची आहे, फक्त बल्ब लेदरला टेकू देऊ नका. माल जास्त असेल तर डिह्युमिडिफायर घ्या, आणि पावसाळ्यात लेदर साठवूच नका, लागेल तेवढंच मागवा. नाहीतरी आपल्याला ते धारावीहून नाहीतर तमिळनाडूतल्या राणीपेट-आंबूरकडून यायचं, दोन महिन्यांचं एकदम आणून काय ठेवायचंय. आलेली बुरशी घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसायची, मग थोड्या स्पिरिटने, आधी कोपऱ्यात लावून रंग जातोय का बघून. उन्हात वाळत घालायचं नाही, कडक होतं.

मशीन रोज पाच मिनिटं तरी चालवा, काम असो नसो. शिवून झालं की प्लेट, सुईचा दांडा, फूट हे तेलाच्या फडक्याने पुसायचं आणि सुती चादर घालायची. तेल शिलाई मशीनचंच, पातळ पांढरं. खोबरेल घालू नका! आपल्याकडे घराघरांत ते पडलेलं असतं आणि हात जातोच, पण ते काही दिवसांनी चिकट होऊन बसतं आणि थंडीत थिजतं, मग मशीन जाम आणि दोष कंपनीला. तेल घातल्यावर पहिला टाका नेहमी रद्दी तुकड्यावर, नाहीतर फिक्या लेदरवर डाग पडतो तो निघत नाही.

वाळपईहून एक ताई : मशीनसाठी सबसिडी मिळते म्हणतात. कुठे विचारायचं? मशीन घेऊन मग अर्ज केला तर चालेल का?

आधी अर्ज, मग मशीन. पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, ही योजना नवीन उद्योगासाठी आहे. ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचे ५ टक्के घालायचे, शहरी भागात महिलेला २५ टक्के. बाकीचं बँकेचं कर्ज. उत्पादनाच्या प्रकल्पाला दहा लाखांपर्यंत शिक्षणाची अट नाही. जिल्हा उद्योग केंद्रात नाहीतर खादी ग्रामोद्योगच्या ऑफिसात विचारा, दुकानदाराचं कोटेशन लागेल. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा वेगळी, तिच्यात ठरलेले १८ व्यवसाय आहेत, त्यात शिंपी आहे, चर्मकार आहे, बॅगवाला असा वेगळा नाही. तुम्ही शिंपीकाम करत असाल तर त्यातून हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मिळू शकतात, कंपाउंड मशीन काही त्यात येणार नाही.

वास्कोहून : फ्लॅटबेड घ्यावी की सिलिंडर आर्म? यूट्यूबवर सगळे बॅगवाले सिलिंडरवर शिवताना दिसतात.

ते दाखवतात तो तयार बॅगेच्या गोल तळाचा किंवा बाजूच्या पट्टीचा जोड असतो, बाहेरून शिवलेला. तिथे सपाट टेबल आडवं येतं म्हणून नळीसारखा आर्म लागतो. तुमच्या बॅगा आतून शिवून उलटायच्या असतील, टोट, स्लिंग, पाउच, तर फ्लॅटबेडवर सगळं होतं आणि मोठे सपाट तुकडे धरायलाही तीच बरी. एकच मशीन घ्यायची तर फ्लॅटबेड. बॉक्ससारख्या ताठ बॅगा, बाहेरून कडा दिसणाऱ्या, हेच तुमचं मुख्य काम असेल तर सिलिंडर आर्म घ्या आणि तिला बसणारं सपाट टेबल बरोबर मागा, म्हणजे सपाट कामही भागेल. ते टेबल नंतर वेगळं शोधायला गेलं की प्रत्येक मॉडेलचं वेगळं निघतं, म्हणून बिलातच लिहून घ्या.

आणि या दोन्हींपेक्षा आधी पैसे उरत असतील तर कडा छिलायची मशीन बघा, स्कायव्हिंगची, गोल पात्याची. कडा अर्ध्या जाडीच्या करून दुमडल्या की सहा मिलीचा जोड चारवर येतो, आणि मग साधी कंपाउंडसुद्धा कुरकुर करत नाही. रापीने हातानेही होतं, पण रोज दहा बॅगांच्या कडा हाताने छिलून बघा आणि मग मला परत लिहा.